जरबेऱ्याचं पाणी

११ फेब्रुवारी, मंगळवार

बारामतीहून घरी यायला संध्याकाळ. आज डायलिसिसच्या मशीनला लावायच्या आधी वजन केलं तर मंगलचं परत जास्त. तिथली तंत्रज्ञ पोरगी म्हणाली, "काका, काकूंच्या अंगात फार पाणी साठतंय. तुम्ही देता किती?" म्हटलं, दिवसाला पाऊण लिटर, मोजून. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. आमच्या कॉलेजच्या लॅबमधलं मापाचं चंचूपात्र घरी आणून ठेवलंय मी. तिला काय सांगणार.

येताना वाट वाकडी करून कन्हेरीला मेव्हण्याकडं. भाऊ दिसला की मंगलला बरं वाटतं. दत्ताच्या पॉलिहाऊसमध्ये जरबेऱ्याची जुनी झाडं उपटायचं काम चाललेलं. त्यातलं एक त्यानं कुंडीत लावून बाजूला ठेवलं होतं. केशरी फुलाचं. "हे माज्या आक्काला."

पाण्याचं त्यानं नीट समजावून सांगितलं. रोज घालायचं नाही. बोट खुपसून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच. सकाळी, कडंकडंनं. पानं फुटतात त्या मधल्या गड्ड्यावर थेंब पडता कामा नये, गड्डा सडतो. खालून निथळलं की थाळीतलं पाणी ओतून टाकायचं. मग माझ्याकडून कुंडी उचलून घेतली. पाणी घालायच्या आधी एकदा, नंतर एकदा. "वजनावर कळतं, दाजी."

मंगल म्हणाली, "माझंबी वजनावरच कळतं."

दत्तानं कुंडी गाडीत नेऊन ठेवली.

१२ फेब्रु.

कुंडी मागच्या गॅलरीत, सकाळचं ऊन येतं तिथं. पाणी मं.च घालणार. स्वैपाक बंद, धुणं बंद, अंगणवाडीतलं काम तर दोन वर्षांपासून सुटलं. म्हणाली, "हे एक माझ्याकडं राहू द्या." बरं म्हटलं. पाणी घालायचा लाल मग तिच्या हवाली.

१६ फेब्रु., रविवार

तहान म्हणजे काय हे मला कळत नाही असं ती म्हणते. खरं आहे. लिंबाची फोड चोखते. बर्फाचा खडा तोंडात धरते, तोही पाऊण लिटरात धरायचा. गोळ्या घोटभर पाण्यात गिळते. आमटी वर्ज्य, ताक वर्ज्य. मी आता तिच्यासमोर पाणी पीत नाही. स्वैपाकघरात जाऊन पितो, तांब्याचा आवाज होऊ न देता. तरी तिला कळतं. घोट गिळताना मान हलते म्हणे.

आदितीचा पुण्याहून फोन. परत तेच, "आई, माझी घे ना." मं.नं फोन माझ्याकडं दिला. लेकीची किडनी घेणार नाही हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलंय. माझी चालत नाही, मला साखर. राहिला दत्ता. त्याच्या तपासण्या चालू आहेत.

२८ फेब्रु., शुक्र.

दत्ताचे रिपोर्ट आले. जुळतंय. डॉक्टर म्हणाले, अजून काही तपासण्या, मग अवयवदानाच्या समितीपुढं कागद. पण जुळतंय.

दत्ता पार्किंगमध्येच रडला. मं. त्याला म्हणाली, "रडतोस काय येड्या, अजून काढली न्हाय तुझी."

गाडीत मागच्या सीटवर यासीनभाई. आमच्या इंदापूरच्या स्टँडजवळ त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान. त्यांचीही पाळी मंगळ-शुक्र, म्हणून एकाच गाडीनं येजा. त्यांना द्यायला कुणी नाही. तरी म्हणाले, "ताई, निमगावला गाडी थांबवू. पेढं माझ्याकडनं." पेढे मी एकट्यानंच खाल्ले, साखर विसरून, दत्ताच्या आनंदात. मं.नं आणि यासीनभाईंनी एकेक कण.

४ मार्च, मंगळ.

रोजे सुरू झालेत. यासीनभाईंना डॉक्टरांनी मनाई केली आहे. म्हणाले, "घरची सगळी संध्याकाळी एकदाची पाणी पितात. माझा रोजा कधी सुटायचा न्हाय." मं.ला हसू आलं. दोघं तहानेवर अशी बोलतात जशी दुसरी माणसं गावाकडच्या जमिनीच्या वाटण्यांवर बोलतात. मी गाडी चालवतो.

वजन परत जास्त. यावेळी खूपच. मशीनवर असताना पायात गोळे आले, बी.पी. खाली गेलं. तंत्रज्ञ पोरगी बाहेर येऊन हळू म्हणाली, "काका, घरात कुणीतरी पाणी देतंय त्यांना." घरात मी आणि ती. मी घरी नसताना दुपारी तांब्या-कळशी कपाटात, कपाटाला कुलूप. बाथरूमच्या नळाला खारं बोअरचं पाणी, ते तोंडात धरवत नाही.

रात्रभर तेच डोक्यात. पोरीला वाटलं असेल मीच.

९ मार्च, रवि.

जरबेऱ्यानं माना टाकल्या. पानं थाळीवर पालथी पडलीत. एक कळी होती ती देठातून वाकली. मं. रोज सकाळी मग घेऊन जाते, कधी संध्याकाळीसुद्धा. म्हटलं, पाणी जास्त होतंय, दत्तानं सांगितलं होतं ना, रोज नको. म्हणाली, "बरं. कमी करते."

दत्ताला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, सुकलं तरी माना टाकतं, सडलं तरी टाकतं. वरनं सारकंच दिसतं. बोट घालून बघा."

१० मार्च

बोट घातलं. गेलं नाही. माती विटेसारखी, कडेनं कुंडीपासून सुटलेली. कुंडी उचलली. रिकाम्या डब्यासारखी वर आली.

आज सकाळीच मं. मग भरून घेऊन गेली होती. मीच भरून दिला.

कुंडी परत थाळीत ठेवली.

११ मार्च, मंगळ.

सकाळी मग भरून दिला, नेहमीसारखा. ती गॅलरीत गेली. मी आतल्या खोलीच्या खिडकीतून बघितलं. बघायला नको होतं. पाठमोरी होती. एका हातानं कठडा धरलेला. लाल मग वर गेला, डोकं मागं. घाई नाही. सावकाश, थांबून थांबून, सगळा. मग तोंड पदरानं पुसलं. मगात राहिलेला थेंब कुंडीत झटकला.

वजन जास्त. पोरगी माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "माझ्याकडनंच जास्त जातं. लक्ष ठेवतो." का म्हटलं कळत नाही.

१३ मार्च

आज होळी. बोललो शेवटी. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, चढला. म्हटलं, पाणी फुप्फुसात शिरलं तर दोन तासात जाशील. दत्ता तिकडं तुझ्यासाठी पोट फाडून घ्यायला तयार झालाय आणि तू मगानं पाणी पितेस. चोरून.

मग म्हणाली, "तुमी कपाटाला कुलूप लावलं. मग मी काय करायचं?"

"तुला तुझा जीव नको का?"

"जीव हवाय म्हणून तर पिते."

लाल मग काढून घेतला तिच्याकडून. उद्यापासून झाडाला पाणी मी घालणार. म्हणाली, "तेवढं एक माझ्याकडं होतं." पुरणपोळी शेजारून आली, तशीच राहिली.

२० मार्च

कोरड्या मातीत नुसतं ओतलं तर पाणी कडेनं खाली पळून जातं. कुंडी बादलीतल्या पाण्यात गळ्यापर्यंत ठेवली, बुडबुडे थांबेपर्यंत. मग निथळवली. दुसऱ्या दिवशी पानं उठली. आता बोट बघून घालतो, दोन-तीन दिवसांआड, ऊन वाढलंय तसं. नवी कळी वर येतेय.

मं. गॅलरीत येत नाही. पाण्याची बाटली मी मापून ठेवतो, संध्याकाळी त्यात थोडं उरलेलं असतं. मुद्दाम उरवते. मला दाखवायला.

मंगळ., शुक्र. दोन्ही दिवशी वजन बरोबर. पोरगी म्हणाली, "छान काकू." काकूंनी भिंतीकडं तोंड केलं.

३० मार्च, पाडवा

कन्हेरीला जेवायला. दत्तानं गुढी उभारलेली. त्याची बायको सुरेखा वाढत होती. मं.च्या ताटात तिनं वेगळी बिनमिठाची भाजी केली होती, उकडून पाणी काढलेली. आठवणीनं. पण आपणहून बोलली नाही. मं.नं विचारलं, पोरं कुठायत? "आईकडं पाठवलीत, वन्सं." सणाच्या दिवशी.

निघताना मी गाडीपाशी होतो, सुरेखा शिल्लक राहिलेलं द्यायला आली. म्हणाली, "दाजी, एक विचारू? ह्यांना काय झालं तर पॉलिहाऊस मी चालवायचं का?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात एका किडनीवर माणूस नीट जगतो. म्हणाली, "डॉक्टर वन्संनाबी म्हणले हुते, गोळ्यांवर नीट व्हईल." डबा माझ्या हातात दिला आणि आत गेली.

मं.ला सांगितलं नाही.

५ एप्रिल

दत्ताचा फोन. मी लॅबमध्ये होतो, पोरांचं प्रॅक्टिकल चाललेलं. बाहेर आलो.

"दाजी, जमत न्हाय."

तोच बोलत राहिला. सुरेखा माहेरी गेलीय. संमतीच्या सह्या करणार नाही म्हणते. सासरे येऊन बसलेत घरी. "माजी ना न्हाय वो दाजी. आक्काला कसं सांगू?" म्हटलं, मी सांगतो.

आत आलो तर पोरांनी चंचूपात्र फोडलेलं. ओरडलो त्यांच्यावर. कधी ओरडत नाही.

८ एप्रिल, मंगळ.

तीन दिवस सांगायचं जमलं नाही. आज येताना, निमगावच्या पुढं, यासीनभाई मागं झोपलेले असताना सांगितलं. ती बाहेर बघत होती. म्हणाली, "ठावं होतं. पाडव्यालाच कळलं. पोरं लपवून ठेवली हुती माझ्यापासनं."

मग म्हणाली, "बरं झालं." एवढंच.

यासीनभाई झोपलेले नव्हते. उतरताना माझा खांदा दाबला.

१२ एप्रिल, शनि.

दुपारी शेजारणीचा कॉलेजात फोन. पळत आलो. मं. पलंगावर बसून, दोन्ही हात गुडघ्यावर, श्वास ओढतेय. ओठ निळे. आडवं होता येत नव्हतं. तोंडातून गुलाबी फेस. बाथरूममध्ये बादली उपडी. खारं पाणी. तोंडात धरवत नाही असं मी समजत होतो.

बारामतीपर्यंत गाडी कशी चालवली आठवत नाही. शेजारीण मागं तिला धरून बसलेली. आत नेली, ऑक्सिजन, मशीन.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर.

आदितीला फोन लावला.

१५ एप्रिल

अजून बारामतीलाच. आज घशातली नळी काढली. आवाज घोगरा.

मी म्हटलं, का? ती म्हणाली, "मरायला न्हाय प्यायले. तहान लागली म्हणून प्यायले. तुमी दोन्हीत गल्लत करू नका."

मग म्हणाली, "पण आता पुरे वाटतंय. आठवड्यातनं दोनदा रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत घालायचं. किती वर्षं? मला घरी न्या. नको आता मशीन."

डॉक्टर म्हणतात आठवड्यातून तीनदा करा, म्हणजे पाणी थोडं वाढवून देता येईल. मं. म्हणते एकदाही नको. आदिती रजा काढून आलीय, आईचे पाय दाबत बसते. मी दोन्हीकडं मान हलवतो.

१९ एप्रिल, शनि.

काल घरी आणली. तीनदा करायचं कबूल केलंय, आदितीसाठी, "बघू" म्हणून. आदिती सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली.

आमच्या मागं शेजारणीनं मायेनं झाडाला रोज पाणी घातलं. भरभरून, वरून, मधोमध. थाळी काठोकाठ, त्यात डासांच्या अळ्या. पानं पडलेली. मी पान धरून ओढलं तर मुळातून निघून हातात आलं. गड्डा काळा, लिबलिबीत, वास. शेजारीण दारात उभी, म्हणाली, "ऊन किती हाय, म्हटलं मरंल बिचारं." तिला काय म्हणणार. मं.ला धरून तीच बसली होती गाडीत.

फेकायला उचललं. मं. आतून म्हणाली, "इकडं आणा."

जमिनीवर बसून तिनं कुंडी पालथी केली. डाव्या हातावर सुयांच्या जागा सुजलेल्या, म्हणून उजव्याच हातानं. माती झटकली. काळी मुळं ओढून बघितली, सालपट हातात येणारी सगळी कापली. जुन्या कात्रीनं गड्डा चिरला. आत बाजूला दोन छोटे फुटवे निघाले, पांढऱ्या मुळांसकट. तेवढे ठेवले. नवी माती, कोकोपीट, फुटव्याचं तोंड मातीच्या वर. दमली. मधे दोनदा भिंतीला टेकली. मी हात पुढं केला तर म्हणाली, "राहू द्या."

मग म्हणाली, "तो मग द्या."

भरून दिला. आत गेलो. खिडकीपाशी गेलो नाही.

२० एप्रिल

सकाळी मीच कुंडीत बोट घातलं. ओली. कडेनंच ओली, मधे कोरडी. नीट घातलंय.

कपाटाचं कुलूप काढलं. तांब्या ओट्यावर ठेवला. तिनं बघितलं. भीती वाटते. पण कुलूप लावून काय झालं ते बघितलं.

२५ एप्रिल, शुक्र.

आता सोम-बुध-शुक्र. दत्ता आला होता केंद्रावर. गेल्या आठवड्यात दवाखान्यात आला तेव्हा दारातूनच परत गेला होता. आज आत आला, मं.च्या पलंगाशी स्टुलावर बसला. मशीन चालू. हळूच म्हणाला, "आक्का, तिला न सांगता करू. मी घर सोडून येतो आठ दिवस. कारखान्याच्या कामाला गेलो म्हणतो."

मी म्हटलं, बायकोची सही लागते दत्ता. समिती बोलावून विचारते तिला.

"मग दुसरी कुणाची तरी..."

मं.नं डोळे उघडले. "दत्त्या, गप." मग म्हणाली, "तिच्या मागनं मला काय नको. उद्या तू आजारी पडलास तर मी तिला तोंड दाखवायचं कसं?"

"तिचं कोण ऐकतंय, आक्का."

"तेच तर. तिचं कुणीच ऐकलं न्हाय. तू न्हाय, ह्यांनी न्हाय. मीबी न्हाय."

दत्ता खाली मान घालून रडला. मशीनचा अलार्म वाजला, पोरगी आली, त्याला बाहेर जा म्हणाली.

२८ एप्रिल, सोम.

यासीनभाई गेले. आमचे वार बदलल्यापासून ते दुसऱ्या गाडीनं जायचे. शनिवारी घरीच. दुकानात त्यांचा पुतण्या बसलेला दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाला, झोपेतच. केंद्रावर त्यांच्या पलंगावर आज कॉलेजातली वाटावी एवढी एक मुलगी. आई उशाशी. आई मं.ला विचारत होती, पाणी किती प्यायचं ताई, डॉक्टर घाईत सांगतात, कळत नाही.

मं.नं सगळं सांगितलं. लिंबाची फोड, बर्फ, गुळण्या, बाटलीवर खूण. मशीनवर असताना एवढं बोललेली मी तिला कधी पाहिली नाही. शेवटी त्या मुलीला म्हणाली, "चोरून पिऊ नकोस. प्यायलीस तर सांग. वरडतील, वरडू दे."

गाडीत मागची सीट रिकामी. निमगावला मी आपोआप गाडी हळू केली. मग तशीच पुढं घेतली.

३० एप्रिल, बुध.

वजन ठीक. काल तिनं आपणहून सांगितलं, "दुपारी एक ग्लास जास्त झालं." पाण्याच्या हिशोबात मांडलं नाही. रात्री भात सोडून कोरडी भाकरी खाल्ली.

२ मे, शुक्र.

येताना म्हणाली, "रविवारी कन्हेरीला न्या. दत्ता नसंल तेव्हा. फुलं घेऊन तो पुण्याला जातो रविवारी. सुरेखा परत आलीय, मी फोन केला हुता."

"काय म्हणाली?"

"या म्हणाली."

तिला मागायला चाललीस का, असं विचारलं. म्हणाली, "मागायला का सोडायला, ते माझं मलाच अजून कळंना. तिच्यापुढं बसले की कळंल. तुमी आत येऊ नका."

४ मे, रवि.

कन्हेरी. गाडी बाभळीखाली लावलीय. ऊन फार. वही मांडीवर.

मं.नं आज अंगणवाडीत नेसायची ती निळी साडी नेसली. गाडीतून उतरताना माझा हात घेतला, दारापर्यंत जाऊन सोडला. सुरेखा ओट्यावर उभी होती. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. मग सुरेखानं खाली येऊन तिचा दंड धरला, सुया नसलेल्या बाजूचा. आत गेल्या. दार लोटलं, लावलं नाही.

मघाशी सुरेखाचा आवाज चढला. शब्द कळले नाहीत. "माझी पोरं" एवढं कळलं. मग मं. काहीतरी म्हणाली, बराच वेळ, एकसुरी, पोरांना गोष्ट सांगताना बोलायची तशी. मग काहीच नाही.

दत्ताचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही. काय सांगू.

आत भांडं वाजलं. कुणीतरी रडतंय, पण कोण ते इथून ओळखू येत नाही. उठून जावं वाटतं. येऊ नका म्हणालीय.

सावली सरकली, गाडी पुढं घेतली थोडी. दार तसंच आहे.